आईचं नाक

दिग्रसला कापसाची आवक आटली आणि आईचं जिनिंगमधलं कवडी वेचायचं काम गेलं. चांगल्या कापसातून डागाळलेली कवडी निवडायची नजर तिला होती, म्हणून गावाबाहेरच्या भंगार गोदामात तिला लगेच घेतलं. पाठोपाठ मीही गेले.

घराघरांतून आलेलं सामान जमिनीवर ओतायचं. पुठ्ठा, पत्रा, काच वेगळं काढणं कोणालाही जमेल. खरी कसोटी प्लॅस्टिकची. रंग फसवतो. म्हणून आई तुकड्याचं टोक काडीनं पेटवायची, फुंकर मारून विझवायची आणि धूर हुंगायची. मेणबत्तीसारखा वास आला तर बादल्या-डब्यांचा ढीग, नाकाला झोंबला तर पाइपांचा. दोन्ही मिसळले की नागपूरचा कारखाना गाडी परत पाठवायचा. आईच्या हातची गाडी कधी परत आली नव्हती, आणि त्याचा तिला भारी तोरा होता. शेठचंही ऐकून घ्यायची नाही.

त्या वर्षांत सगळ्यात जास्त यायच्या फवारणीच्या औषधाच्या बाटल्या. कापूस पिको न पिको, फवारणी काही थांबत नव्हती. उरलंसुरलं औषध आम्हीच उघड्या हातांनी ओतून टाकायचो.

एका सकाळी चुलीवर वरण करपलं. आई शेजारीच भाकरी थापत होती.

"आई, वरन लागलं ना वं!"

"काहीतरीच. मले तं वास नाई आला."

मी करपलेलं पातेलं तिच्या नाकाशी धरलं, तरी तिनं नाही म्हणून मान हलवली.

तिचं नाक कशानं गेलं हे कोणी तपासलं नाही. मी त्या बाटल्यांनाच शिव्या घालते. तेव्हापासून मी तिला खेटून बसायचे आणि झोंबरा वास आला की गुडघ्यानं ढोसायचे. हे सोंग दोन-अडीच महिने चाललं. मग मी तापानं पडले, आणि नेमकी त्याच आठवड्यातली गाडी परत आली.

मी कामावर आले त्या दिवशी शेठनं सगळ्यांसमोर एक तुकडा पेटवून आईपुढे धरला.

"मावशी, हे कोनतं होय?"

चार हात लांब उभ्या असलेल्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतका तो धूर झोंबत होता. आईनं पुन्हा पुन्हा हुंगलं.

"डब्याचं हाये," ती म्हणाली.

शेठ ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "तुमी घरी बसा आता. पोरगी बसंल तुमच्या जागी."

तिथं बसून माझंही नाक किती दिवस टिकणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तरी मी हो म्हटलं. आई उठली, आणि बसायचं पोतं तिनं माझ्यासाठी झटकून अंथरलं.