बोंबलांची डोकी

आज सकाळी कॉलेजला येताना एसटीत एक मावशी सुक्या बोंबलांची टोपली घेऊन माझ्या शेजारी बसल्या. पुढच्या बाकावरच्या मुलीने नाकाला रुमाल लावला. मी मात्र कुणी पाहत नाही असे बघून एक खोल श्वास घेतला. हे लिहावे की नाही, कळत नव्हते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि लेख लिहिण्याची तर मुळीच सवय नाही. पण त्या वासाबरोबर मागच्या वर्षीचे थंडीचे दिवस असे आत शिरले की पालघर येईपर्यंत मी सातपाटीच्या किनाऱ्यावरच होते.

पाऊस सरला की आमच्याकडे बांबूच्या वलांड्या उभ्या राहतात. त्यांच्या दोऱ्यांवर ओले बोंबील जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून वाळत घालतात. वाऱ्यावर ते झुलू लागले की साऱ्या किनाऱ्याला चंदेरी तोरणे बांधल्यासारखे वाटते. त्या वर्षी बाबांच्या वाट्याचे सगळे पैसे जाळ्याच्या दुरुस्तीत गेले होते आणि माझी दुसऱ्या सत्राची फी राहिली होती. ती भरली नाही तर नाव कमी होणार होते. मी आईला सांगितले. बाजारात ओरडून ओरडून तिचा आवाज जाड झाला आहे, पण त्या दिवशी ती हळू बोलली.

"पैसं नाय, बाय. बोंबील देईन. इकून माज्या मालाचं पैसं आनून दे, वर सुटेल ते तुजं."

मला वाईट वाटले. पोटच्या पोरीशीही व्यवहार?

रविवारी टोपली घेऊन मी बोईसरला उतरले आणि कुंभवलीला गेले. कारखान्यांत कामाला आलेली लांबलांबची माणसे तिथे एकेका खोलीत चारपाच जण मिळून राहत. मी एका दारात टोपली उघडली, तसा एक जण मागे सरकला. "दीदी, ये तो दाँत निकाल के हमको ही देख रहा है." सगळी खोली हसली. मलाही हसू आले, पण टोपली काही हलकी झाली नाही. कारखान्यातली पाळी करून आल्यावर हे साफ कोण करत बसणार, हेही त्यांचे खरेच होते.

मग घरी परतून मी कातर घेऊन अंगणात बसले. डोकी, शेपट्या, कल्ले सगळे कापून टाकले आणि तव्यावर टाकता येतील असे तुकडे केले. आईने ते पाहिले आणि शेजारणींना ऐकू जाईल असे म्हणाली, "वजन कापून टाकते नि धंदा करते. कालेजात हेच शिकवतात काय?" शेजारणी मनापासून हसल्या. मी कातर चालवत राहिले.

पुढच्या रविवारी कागदाच्या पुड्या नेल्या. लसूण-मिरची घालून ते कसे भाजायचे, तेही मोडक्या हिंदीत सांगितले. आदल्या खेपेला मागे सरकलेला तोच माणूस मग शेजारच्या दारांतून मला हाका मारू लागला. दर रविवारी टोपली रिकामी होऊ लागली.

फी भरायच्या आदल्या सकाळी मी आईच्या मालाचे पैसे तिच्या हातात ठेवले. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे लावते, तसे तिने ते कपाळाला लावले. माझ्या मुठीत उरले ते फीला थोडे कमीच पडत होते. मी मागितले नाही. तिने माझ्या मुठीकडे पाहिले आणि कमरेच्या पिशवीतून काही नोटा काढल्या. मी हात मागे घेतला, उसने नकोत म्हणाले.

"उसनं कोन देतंय? तुजी डोकी इकली. वाणगावचा चिकूवाडीवाला खताला घेऊन गेला."

मी कापून टाकलेले सारे ती रोज झाडून गोणीत भरत होती. मला पत्ता नव्हता. मी नको नको म्हणत राहिले, तेव्हा मात्र ती बाजारातल्या आवाजात बोलली, "मालाचं पैसं तू दिलंस ना? मग डोकीबी तुजीच. घे."

आई म्हणून तिने दिले असते तर मी घेतले असते, आणि कदाचित विसरलेही असते. ते माझे होते म्हणून तिने दिले, याचा आनंद मला अजून नीट सांगता येत नाही.

पालघरला मावशींनी टोपली डोक्यावर चढवायला हात मागितला. मी दिला. आता वर्गात बसले आहे आणि बोटांना तो वास आहे. नळ समोरच आहे, पण अजून उठले नाही.