कुंकू मीच लावलं होतं

गेल्या महिन्यात पुन्हा तेच. अमरावतीच्या आमच्या खगोलप्रेमी मंडळाच्या बैठकीत चहा आला आणि कोणीतरी नांदगाव खंडेश्वरच्या मुख्याध्यापकांचा किस्सा काढला. ते चंद्रावर उभे राहिले आणि तिथून थेट टेबलावर कसे आदळले, हे अभिनयासह सांगून झालं. शेवटी नेहमीचं वाक्य आलं, "त्या पोरीले मशीनच सांभाळता येत नोती." सगळे हसले. तीन वर्षं मी हे ऐकतो आहे आणि गप्प बसतो आहे. आता मला त्या किश्श्याचा वीट आला आहे आणि माझाही. म्हणून घडलं ते लिहितो.

ती पोरगी बार्शीटाकळीची, शेतकऱ्याची मुलगी, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. मंडळाने व्हीआरचे चष्मे घेतले तेव्हा ते चालवायला तिला बोलावलं होतं. हा जाडजूड चष्मा डोळ्यांवर चढवला की माणूस वर्गात उभ्या उभ्या शनीच्या कड्यांजवळ पोचतो. आम्ही सगळे दुर्बीणवाले म्हातारे. आम्हाला त्याचं चालू करायचं बटणही सापडत नसे. तिने सगळं शिकून घेतलं आणि निवेदन स्वतः लिहिलं, तेही वऱ्हाडीत. "आता मांगं पाहा. थो निळा ठिपका दिसून राहिला ना? थे आपली पृथ्वी." मी भाषा सुधारायला सांगितलं, तिने ऐकलं नाही. मुलं मात्र जागची हलत नसत.

नांदगावचा कार्यक्रम जमला, तर तालुक्यातल्या बाकी शाळाही तिलाच मिळणार होत्या. त्या भरवशावर ती अकोल्यातली शिकवणी वर्गाची नोकरी सोडून आली होती.

आता आमचे कार्यक्रम कसे असतात! विश्व दाखवायचं होतं, पण आधी दीपप्रज्वलन, मग शाली, मग नारळ, मग प्रास्ताविक. मुलं सतरंजीवर चुळबुळ करत होती. तेवढ्यात मुख्याध्यापक म्हणाले, "सर, नवी वस्तू हाये, पूजा तं व्हाले पायजे. तुमी भटजीच्या घरचे, तुमीच करा."

मी चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि मुलांना अंधश्रद्धेवर व्याख्यानं दिली. तरी दर दसऱ्याला प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकांना हळदकुंकू मीच लावत असे. ताट समोर आलं आणि हात गेला. चष्म्याच्या पुढच्या बाजूला बारीक गोल खळगे होते, जणू कुंकवासाठीच सोडलेले. मला ती नक्षी वाटली. ओलं कुंकू मी एकेका खळग्यात नीट दाबून भरलं. ती तेव्हा मागे वायर जोडत होती.

ते कॅमेरे होते. आपण खोलीत कुठे उभे आहोत, हे चष्म्याला त्यांच्यामुळे कळतं. मुख्याध्यापकांनी चष्मा घातला, चंद्रावर उतरले आणि पायाखालची जमीन एका बाजूला सरकत सुटली. "अरे धरा मले, धरा!" म्हणत ते तोल जाऊन टेबलावर पडले. नारळ घरंगळले, मुलं खो खो हसली. त्यांना उठवायच्या गडबडीत मी चष्मा उचलला. बोटाला लाल लागलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी रुमालाने सगळं पुसून टाकलं.

आमचे अध्यक्ष तिच्यावर बरसले. ती म्हणाली, "सकाळीच तपासला होता मी. सरांच्या समोर. सर, सांगा ना यायले."

मी म्हणालो, "तांत्रिक बाब आहे. मला काय कळतं त्यातलं?"

बाकी शाळांचा दौरा रद्द झाला. तिला पुन्हा कोणी बोलावलं नाही.

गेल्या महिन्यातल्या त्या चहानंतर मी अकोल्याची बस धरली. ती पुन्हा शिकवणी वर्गातच शिकवते. मी सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती, मान वर न करता म्हणाली, "मले मालूम हाये, सर. चष्मा नंतर मीच साफ केला. फटीत कुंकू होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"मी कावून बोलू? तुमी उभे होते ना तिथं."

मी माफी मागितली. "मले सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "जे हासतात त्याइले सांगा."

या रविवारी बैठकीत चहा यायच्या आधीच मी उभा राहून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "जाऊ द्या ना सर, जुनी गोष्ट." मी ऐकलं नाही. ज्या शाळांचा दौरा रद्द झाला होता, त्या सगळ्यांना माझ्या सहीने पत्र गेलं. मसुद्यात कोणीतरी 'अनवधानाने' घातलं होतं. कुंकू अनवधानाने लागलं, मान्य. गप्प मी जाणूनबुजून राहिलो. तो शब्द मी खोडला.

बाकी शाळा अजून गप्प आहेत. नांदगावच्या मुख्याध्यापकांचा मात्र काल फोन आला.

"म्हणजे तिचं काहीच चुकलं नोतं?"

"काहीच नाही."

"मंग पाठवा ना तिले आमच्या शाळेत."

"मी पाठवणारा कोण? तुम्ही तिला फोन करा. आणि आधी माफी मागा."

"अन् नाई म्हटलं तिनं, तं?"

"तर नाही," मी म्हणालो, आणि तिला विचारून घेतलेला नंबर त्यांना सांगितला.