धरणावरची जिलेबी

आमच्याकडे तिलापिया माशाला जिलेबी म्हणतात. का म्हणतात ते मला अजून नीट सांगता येत नाही. तो गोल नसतो, गोडही नसतो. पण बाजारात, धरणावर आणि आमच्या घरात हाच शब्द चालतो. गोडाचं म्हणाल तर सणाला जिलेबीसारखाच पाकातला जहांगीर येतो, त्यामुळे घोटाळा होत नाही. हे इथे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण तेव्हा एका माणसाला ते सांगायचं राहून गेलं होतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करतात आणि रविवारी मासे धरतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अण्णांना त्याचा फार अभिमान आहे, पण मल्लेश्वरमला मला कॉलेजात सोडायला आले तरी ते फाटकाच्या आत कधी येत नाहीत. स्कूटर बाहेरच उभी करतात. पहिल्या वर्षी मी एकदा म्हणाले होते, की कधीतरी मैत्रिणींना घरी बोलवीन. तेव्हा ते म्हणाले, "कॉलेजची माणसं आपल्याकडे कशाला जेवायला येतील गं?" त्यात तक्रार नव्हती. आज पाणी येणार नाही, असं सांगावं तसं ते बोलले होते. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी आली. तिचे आईवडील पुण्याचे. नोकरीमुळे इकडे आलेले, सरकारी वसाहतीत राहणारे. ती फोनवर आईशी मराठीत बोलली तेव्हा मी चमकून पाहिलं. मराठी आमच्या घरची, पण कॉलेजात ती कानावर पडायची मला सवय नव्हती. पुढे आम्ही आपसात मराठीच बोलायला लागलो. म्हणजे बोलायची जास्त तीच. माझ्या मराठीत थोड्याला 'स्वल्प' आणि बरं म्हणायला 'सरी' असे कन्नड शब्द येतात, आणि ते आले की ती हसायची. वाईट नाही हसायची, पण मी बोलण्याआधी वाक्य मनात एकदा तपासून घ्यायला लागले होते.

माघ संपत आला होता. रस्त्यांवर गुलाबी फुलांचा सडा पडायला लागला होता. एक दिवस डबा खाताना मी धीर करून विचारलं, "या रविवारी संध्याकाळी आमच्याकडे जेवायला येशील?"

"येईन की. काय करणार?"

"जिलेबी चालते ना तुला?"

"चालते काय, पळते. एका बैठकीत दहा खाते मी."

मी तिच्याकडे पाहत राहिले. ती बारीक आहे. "दहा?"

"मग? विकत आणता की घरी?"

"अण्णा आणतात. धरणावरून."

"धरणावर मिळते?"

"तिथली एकदम ताजी असते. घरी आणून आई तळते."

"वा. मग मी आईला मठ्ठा करायला सांगते. जिलेबी म्हटलं की आमच्याकडे मठ्ठा लागतोच."

मठ्ठा म्हणजे ताकाचाच काही प्रकार, एवढं मला ठाऊक होतं. माशाबरोबर ताक? पण पुण्याकडे पद्धत असेल, असं वाटलं. विचारावं तर पुन्हा माझंच काहीतरी चुकायचं. मी म्हणाले, "सरी, आण."

घरी सांगितल्यावर आई हातातलं काम सोडून बसली. "माशावर ताक पितात? अंगावर पांढरे डाग येतात म्हणे."

"पुण्याची माणसं पितात," मी म्हणाले. अगदी खात्रीने म्हणाले.

अण्णांना ताकाचं काही वाटलं नाही. ते दहाच्या आकड्यावर अडकले. "एकटी दहा खाते? हडकुळी आहे म्हणालीस ना?"

"म्हणाली तसं."

"तळहाताएवढ्या धरल्या तरी घरच्यांसाठी वेगळ्या पाहिजेत. थंडीत गळाला लागत नाहीत गं त्या." ते खुर्चीवरून उठलेच. "बघू. पहिल्यांदा कुणीतरी येतंय."

आई म्हणाली, बाजारातून आणू. अण्णा म्हणाले, विकतचेच घालायचे तर पोरीला हॉटेलात घेऊन जा.

रविवारी पहाटे अण्णा आणि मी पीण्याहून बस धरून निघालो. तुमकूर मागे पडलं की हिरवं कमी होत जातं. शिरा गावाच्या आसपास तर नुसते खडक, बाभळी आणि लाल माती. त्या कोरड्या मुलखात हे धरण अचानक समोर येतं, कुणीतरी आरसा विसरून गेल्यासारखं. जाळं टाकायचा हक्क ठेकेदाराचा असतो, पण काठावरून गळ टाकणाऱ्यांना कुणी काही बोलत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी मागे सरकतं आणि बुडालेल्या बाभळींचे बुंधे वर येतात. काठाचा चिखल वाळून भेगा पडतात. सकाळी मात्र वारा असा बोचतो, की बोटांनी गळाला गाठ मारता येत नाही.

आमचं सामान साधं. बांबूच्या दोन काठ्या, दोरी, गळ आणि दोरीला वजन म्हणून अण्णांच्या कारखान्यातले बारके नट. जुन्या चपलेचा तुकडा पाण्यावर तरंगतो, तो बुडाला की मासा लागला. आमिषाला आईने केलेला नाचणीच्या उकडीचा गोळा, त्याला आमच्याकडे मुद्दा म्हणतात. अर्धा मुद्दा आम्ही खायचा, अर्धा माशांनी.

तास गेला, दुसरा गेला. चपलेचा तुकडा हललासुद्धा नाही. अण्णांनी जागा बदलली, आमिष बदललं, बांधावरची ओली माती उकरून गांडुळं काढली. एरवी मासा लागला नाही तर ते बिडी पेटवून मजेत बसतात. त्या दिवशी बिडी पेटवली नाही. सारखे माझ्या मोबाइलवर किती वाजले ते विचारत होते.

"अण्णा, नाही मिळाले तर आई भाजी करेल," मी म्हणाले.

"भाजी तिला तिच्या घरी मिळते," ते म्हणाले.

ऊन चांगलं चढल्यावर ते उठले आणि काठाकाठाने, बेताने पाऊल टाकत चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी हाताने मला बोलावलं. जिथून पाणी हटलं होतं तिथल्या चिखलात ताटाएवढे गोल खळगे होते, एकाशेजारी एक. जिलेबीचा नर शेपटीने माती उडवून असा खळगा करतो, अंड्यांसाठी. पाणी गेलं की खळगे तसेच वाळतात.

"पंगत उठून गेलीय," अण्णा कुजबुजले. "म्हणजे पुढची इथेच पाण्यात बसली असणार. ऊन लागलं की उथळात येतात. सावली पाडू नकोस, स्वल्प मागे सर."

आम्ही बाभळीच्या बुंध्याआड बसलो. चपलेचा तुकडा थरथरला, तिरका झाला आणि गडप झाला. पहिली जिलेबी अण्णांच्या हातात आली तेव्हा तिच्या करड्या अंगावर उन्हाची लाली चमकत होती. त्यानंतर आम्हाला बोलायला वेळ मिळाला नाही. माझ्या काठीला एकदा अशी मोठी लागली, की मी घसरून गुडघाभर चिखलात बसले. अण्णा हसता हसता म्हणाले, "तू राहा चिखलात, आधी ती दे इकडे."

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने पिशवीजवळ नाक नेलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, "अण्णा, एवढे मासे? घरात लग्न आहे का?"

"पाहुणी आहे," अण्णा म्हणाले. "कॉलेजची." 'कॉलेजची' हे त्याने विचारलं नव्हतं.

संध्याकाळी मैत्रीण आली. हातात स्टीलची मोठी बरणी. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते तिला सारखं "बसा, बसा" म्हणत होते. "काका, मला अगं म्हणा ना," ती म्हणाली. आईने पानं वाढली. लाल मसाल्यातल्या, कडा कुरकुरीत झालेल्या जिलेब्यांच्या ढिगाचं ताट अण्णांनी स्वतः उचलून तिच्यासमोर ठेवलं.

"घ्या. दहा मोजूनच ठेवल्यात."

तिने ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे काय आहे?"

"जिलेबी," मी म्हणाले.

"हा मासा आहे."

"हो. जिलेबी."

ती हळू आवाजात म्हणाली, "अगं, मी अंडंसुद्धा खात नाही."

अण्णांनी ताट परत उचललं. कुठे ठेवावं ते न कळून हातातच धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा फाटकाबाहेर स्कूटरवर असतो तसा झाला. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

तेवढ्यात तिने बरणीचं झाकण उघडलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हाला वाटलं, आम्ही माशाबरोबर मठ्ठा पितो?"

"ही म्हणाली, पुण्याची माणसं पितात," आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

"आणि मी दहा मासे खाते?"

"तुमच्या दहांपायी आमची कंबर गेली," अण्णा म्हणाले.

ती हसायला लागली ती थांबेना. मग आई हसली, मग ताट हातात घेऊन अण्णा. मी सगळ्यात शेवटी. अण्णांनी ताट खाली ठेवून चपला घातल्या आणि स्कूटर काढली. आईने तिला भात, आमटीसारखं सारू आणि बीन्सची पल्या, म्हणजे सुकी भाजी, वाढली, तोवर ते परत आले.

"गोड जिलेबी संपली होती," ते म्हणाले. "जहांगीर मिळाला. तोही गोल असतो."

तिने जहांगीर मठ्ठ्याबरोबर खाल्ला. दहा नाही, तीन. आम्ही मासे खाल्ले. जेवण झाल्यावर अण्णांनी वाटी पुढे केली, "तो मठ्ठा स्वल्प इकडे दे." आई म्हणाली, "मासे खाल्लेत तुम्ही." ते म्हणाले, "पोरीने एवढा डोंगर ओलांडून आणलाय," आणि प्यायले. खरं तर ती दोन बस बदलून आली होती, वाटेत डोंगर नाही. पुढचा आठवडाभर ते आईसमोर बाही वर करून डाग शोधायचे.

त्या संध्याकाळी निघायच्या आधी तिने विचारलं, मासे धरतात कसे. अण्णांनी खळग्यांचं सांगितलं, पंगतीचं सांगितलं. ती पुढे सरकून ऐकत होती. म्हणाली, "काका, मला न्याल? खायचं नाहीये, बघायचंय." दोन दिवसांनी कारखान्यातून येताना ते हलक्या बांबूची एक काठी घेऊन आले. मुठीला पितळेचं कडं होतं, लेथवर बनवलेलं. माझ्या काठीला असं कडं आजही नाही.

फाल्गुनात आम्ही तिघं गेलो. वाऱ्यातली बोच गेली होती आणि पाणी आणखी मागे सरकलं होतं. वाळलेले खळगे पाहून ती म्हणाली, "केवढी पंगत ही." दुपारपर्यंत तिच्या गळाला एक लागली. तिने ती दोन्ही हातांत धरली, डोळे मोठे करून पाहिली आणि अण्णांना विचारलं, "हिला हिच्या घरी सोडायचं?"

अण्णांनी आजवर एकही मासा परत सोडला नव्हता. त्यांनी डोकं खाजवलं. "सरी," ते म्हणाले, आणि गळ कसा काढायचा ते दाखवलं. जिलेबी पाण्यात सुटली. नंतर त्यांच्या स्वतःच्या गळाला दोन लागल्या. प्रत्येक वेळी त्यांनी तिच्याकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे पाहिलं आणि मासा सोडला. मी हसू आवरत होते.

परतीला तोच कंडक्टर. त्याने पिशवीजवळ नाक नेलं. "आज काही नाही मिळालं?"

"मिळालं की," अण्णा म्हणाले. "तीन जिलेब्या त्यांच्या घरी सोडून आलो."

घरी आईने मसाला वाटून ठेवला होता. तो मग वांग्याला लावला. मैत्रीण आमच्याकडेच जेवून गेली, आणि या खेपेला अण्णांनी तिला एकदाही "बसा" म्हटलं नाही.