वाऱ्याचा डोळा

चित्रातल्या रडणाऱ्या मुलावर बोट ठेवून स्पीच थेरपिस्ट बाईंनी विचारलं, "हा काय करतोय?" पाच वर्षांची नुपूर ठसक्यात म्हणाली, "ही इज ग्रीटिंग." जाळ्यातल्या कोळ्याला ती एटरकॅप म्हणाली आणि खिडकीला विनक. बाईंनी तिन्ही उत्तरांपुढे फुली मारली. आठवड्याने रिपोर्ट आला: मूल मनाने शब्द बनवतं, दोन भाषांचा गोंधळ होत असावा, शाळा सुरू होईपर्यंत घरी फक्त इंग्रजी बोलावं.

मयूराचं धाबं दणाणलं. "अगं, एका टेस्टवरून काय ठरतं?" तिचा नवरा मिहिर म्हणाला, पण ती ऐकेना. आपल्या मराठीच्या हौसेपायी पोर मागे पडली तर? घरातली मराठी त्या दिवशी बंद झाली. इंग्रजीत तिला नुपूरवर रागावता येई, समजावता येई. लाड तेवढे जमत नसत. तिसऱ्याच दिवशी नुपूरने विचारलं, "आई, आर यू क्रॉस विथ मी?"

टार्निट उपनगरातल्या त्या गल्लीत घरं नवी, माणसंही नवी. जुनं म्हणावं असं काही असेल तर शेजारच्या युनिटमधल्या एकट्या इशबेल आजी. वय ऐंशी. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावातून विसाव्या वर्षी बोटीने आल्या आणि जिलॉंगच्या लोकर गिरणीत तीस वर्षं मागावर उभ्या राहिल्या. मुलगा पर्थला. मयूरा आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला शहरात जाई, तेव्हा नुपूर किंडर म्हणजे बालवाडी सुटल्यावर आजींकडेच असे.

तिसऱ्या आठवड्यात मयूरा नुपूरला आणायला गेली, तर आजींनी तिला दारातच अडवलं.

"काय केलंस गं पोरीला? तोंडाला कुलूप लागलंय तिच्या."

मयूराचे डोळे भरून आले. तिने फोनवरचा रिपोर्ट पुढे केला. आजींनी चष्मा चढवला, सावकाश वाचलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"हे शब्द तिने बनवलेले नाहीत. माझ्या आजीचे आहेत."

त्यांनी फोन मयूराच्या हातात परत दिला.

"ग्रीट म्हणजे आमच्याकडे रडणं. स्वागताचं ग्रीट वेगळं. दिसायला जुळे, पण नातं काही नाही. एटर म्हणजे विष, त्यावरून कोळ्याचं नाव पडलं. आता आमच्या गावातही कोणी तसं म्हणत नसेल."

"आणि विनक?"

"विंडोचंच भावंड. मूळ शब्द उत्तरेकडच्या दर्यावर्दींचा. वाऱ्याचा डोळा."

"अय्या! आमच्याकडे खिडकीला जुना शब्द आहे, गवाक्ष. म्हणजे गाईचा डोळा."

"गाईचा?" आजी खो खो हसल्या. "घ्या! आमच्या खिडकीतून वारा बघतो आणि तुमच्या खिडकीतून गाय!"

मग हसू ओसरलं. शाळेत असले शब्द तोंडून निघाले की बाई हातावर चामड्याचा पट्टा मारत, आजी सांगू लागल्या. इथे आल्यावर गिरणीतल्या पोरी नक्कल करत. "मग मी ते बोलणंच सोडलं. मुलाला एक शब्द शिकवला नाही. म्हटलं, माझ्यापायी त्याला कोणी हसायला नको. तो दर रविवारी फोन करतो, गुणाचा आहे. पण हवापाण्यापलीकडे आमचं बोलणं सरकत नाही. गेल्या वर्षी तुझी लेक कोळी बघून किंचाळली आणि साठ वर्षांनी माझ्या तोंडून एटरकॅप निघालं. ती हसली नाही गं. म्हणाली, अगेन!"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पुढची अपॉइंटमेंट कधी आहे?" आजींनी विचारलं. "मी येणार."

मंगळवारी आजी ठेवणीतला कोट घालून, लिपस्टिक लावून गाडीत बसल्या. क्लिनिकमध्ये त्यांनी तिन्ही शब्दांची कुळकथा सांगितली. बाईंनी कॉम्प्युटरवर स्कॉट्स भाषेचा शब्दकोश उघडून खात्री करून घेतली. मग त्यांनी नुपूरला विचारलं, "खिडकीला आईशी बोलताना काय म्हणतेस?"

नुपूरने आईकडे चोरून पाहिलं. मयूराने होकारार्थी मान हलवली.

"खिडकी."

"किंडरमध्ये?"

"विंडो."

"इशबेलशी?"

"विनक."

"मग मला विनक का म्हणालीस?"

"यू हॅव आजी हेअर," नुपूर म्हणाली.

बाईंनी आपल्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला आणि त्या मोठ्याने हसल्या. "गोंधळ हिचा नाही, माझा झाला. सॉरी," त्या म्हणाल्या. फुल्या खोडल्या गेल्या आणि फक्त इंग्रजी बोलण्याची सूचनाही. "घरी मराठीच बोला. भरपूर बोला."

बाहेर पार्किंगमध्ये मयूरा एकदम वाकली आणि तिने आजींच्या पायांना हात लावला.

"अगं, ऊठ! लोकांना वाटेल, माझ्या बुटाची लेस बांधतेयस!"

"वाटू दे," मयूरा म्हणाली. मग ती नुपूरला सीटबेल्ट लावायला लागली आणि तीन आठवडे साठलेलं सगळं धबाधबा मराठीत तिच्याशी बोलत सुटली. नुपूर मधेच विचारत होती, मधेच खिदळत होती. पुढच्या सीटवर बसलेल्या आजींना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. गाडी सुरू करायची मयूराला आठवण झाली नाही आणि आजींनीही ती करून दिली नाही.