अक्का थोडकं बोलू लागल्या तेव्हा

अक्का गेल्या त्या सकाळी मी मुरुमच्या आमच्या घरात मागच्या खोलीत एकटीच होते. गाडीत त्यांच्या शेजारी बसून सोलापूरपर्यंत गेले होते, म्हणून मला वेगळं राहायला सांगितलं होतं. माझे पती नऊ दिवस दवाखान्याच्या दारात होते. त्यांचा फोन आला. "सुनंदा, आपली अक्का गेली," एवढंच म्हणाले आणि फोन न ठेवता तसेच थांबले. पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत राहिले. आज त्याला दीड महिना झाला. लोक भेटतात, म्हणतात, आजारच असा होता, कुणाच्या हातात काय होतं. मी मान हलवते. पण माझ्या हातात थोडं होतं, हे मला माहीत आहे.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. नळदुर्गच्या बाहेर हायवेला त्यांचा ढाबा. नवरा अचानक गेला तेव्हा मुलगा लहान होता; चुलीपुढं दुसरं कुणी उभं राहायला नव्हतं, म्हणून त्या उभ्या राहिल्या आणि तिथंच राहिल्या. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे कितीतरी ड्रायव्हर त्यांना अक्का म्हणायचे. त्यांच्याशी त्या मराठी, कानडी आणि दखनी अशी तिन्ही मिसळून बोलायच्या, आणि बोलायच्या म्हणजे किती! मी नवी नवरी असताना एकदा त्यांच्यासोबत एसटीनं उमरग्याला गेले. नळदुर्गला सुरू केलेली एका म्हशीची गोष्ट उमरग्याच्या स्टँडवर उतरलो तरी संपली नव्हती. त्यांना मध्येच थांबवलं तर राग यायचा. फोन केला की अर्धा तास बाजूला काढूनच करावा लागे.

आणि माणसाचं तोंड बघून त्यांना दुखणं कळायचं. तेलंगणातला एक ड्रायव्हर एकदा जेवायला बसला. भाकरी मोडली आणि नुसता बघत राहिला. अक्का चुलीपासून उठल्या, त्याच्यापुढं हात धरून म्हणाल्या, "चाबी दे." तो हसला, मग चिडला. पण चाबी त्यांनी घेतलीच. माणूस तापानं फणफणलेला होता. तीन दिवस त्याला मागच्या खोलीत झोपवलं, गावातल्या डॉक्टरांना बोलावलं आणि मगच गाडीवर चढू दिलं. तो पुढं दरवर्षी यायचा. अशी बाई. ती आजारी पडली तेव्हा तिच्या तोंडाकडं तसं बघायला मात्र आमच्यातलं कुणी नव्हतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमची ड्यूटी सर्वेक्षणाला लागली. घरोघर जायचं, ताप मोजायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. खोकला आहे का, चव लागते का, वास येतो का, चालल्यावर दम लागतो का. दिवसाला तेच प्रश्न शंभरदा. त्याच दिवसांत माझ्या मुलाचा साखरपुडा घरच्या घरी करायचं ठरलं. अक्का एकुलती एक आत्या, त्या निघायच्या तयारीत होत्या. मी फोनवर त्यांना येऊ नका म्हटलं. तुमच्याकडं दहा गावचे ड्रायव्हर येतात, घरात म्हातारी माणसं आहेत, उगाच कुणाला काही व्हायला नको. बोलले ते खरंच होतं. पण दिवसभर उन्हात फिरून आले होते आणि शब्द फार कोरडे आले. अक्का नुसतं "बरं," म्हणाल्या.

दोन दिवसांनी त्यांची सून रेखा फोनवर हसत सांगत होती, की आज अक्कांच्या आमटीत मीठ दुप्पट पडलं, पार्सल नेणारे ड्रायव्हर परत येऊन सांगून गेले. अक्का मात्र चाखून म्हणतात, मिठाचा पत्ताच न्हाय. आम्ही दोघी हसलो. वय झालं म्हणाले मी. त्याच दिवशी सकाळी कितीतरी दारांत उभी राहून मी विचारून आले होते, चव लागते का... आणि घरचं माणूस तेच उत्तर देत होतं, तर मी हसले.

मग अक्कांचे फोन छोटे झाले. मी विचारायची, काय चाललंय? "बरी हाय." जेवलात का? "जेवले." रेखा कुठंय? "हाय. ठिवते आता." दोन-तीन शब्द आणि फोन बंद. मी ह्यांना म्हणाले, तुमची बहीण साखरपुड्यावरून अजून रुसलीय. हे म्हणाले, रुसू दे, येईल चार दिवसांत ठिकाणावर. मलाही थोडा राग आलाच. मी काही वावगं बोलले नव्हते, मग मीच का मनधरणी करायची? तीन दिवस मी फोन केलाच नाही.

चौथ्या दिवशी रेखाचा फोन आला, की अक्का आडव्याच होत नाहीत, बसूनच डुलक्या घेतात. आम्ही तसेच निघालो. अक्का मागच्या खोलीत बाजेवर गुडघ्यांवर हात टेकून, पुढं वाकून बसल्या होत्या. ताप नव्हता. आम्हाला बघून हसल्या आणि हातानंच लांब बसा म्हणाल्या. मी मास्क नीट केला आणि पर्समधला ऑक्सिमीटर त्यांच्या बोटाला लावला. चौऱ्याऐंशी. मला वाटलं, सेल उतरले असतील. समोर शुद्धीवर बसलेलं, हसणारं माणूस, त्याचा आकडा एवढा कमी कसा असेल? माझ्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. पुन्हा त्यांच्या बोटाला लावताना नखांकडं लक्ष गेलं. जांभळट झाली होती. आकडा ब्याऐंशीवर आला होता.

सोलापूरला जाताना गाडीत मी त्यांना धरून बसले. खाट मिळेल का म्हणून पुढच्या सीटवरून ह्यांचे फोन चालू होते. तांदुळवाडीच्या पुढं अक्कांनी माझा हात दाबला. थांबत थांबत म्हणाल्या, "बोलाया गेलं की... दम लागतो गं. म्हणून फोन... ठिवत हुते." मग बऱ्याच वेळानं, "तुला वाटलं आसंल... रागावले."

मी नाही म्हणाले. खोटं बोलले.

खाट संध्याकाळी मिळाली. डॉक्टरांनी, सिस्टरांनी करायचं ते सगळं केलं. फक्त, आधी का आणलं नाही, असं एका डॉक्टरांनी ह्यांना विचारलं होतं. दोष द्यायला नाही, नुसतंच विचारलं. हे मला ह्यांनी परवा सांगितलं. नवव्या दिवशी अक्का गेल्या. अखेरचं दर्शन ह्यांनी आणि अक्कांच्या मुलानं लांबूनच घेतलं.

मागच्या आठवड्यात मी रेखाला भेटायला नळदुर्गला गेले. ढाब्यापुढं दोन खांबांना आडवी दोरी बांधलेली दिसली, अक्कांच्या जुन्या पातळांचे काठ फाडून वळलेली. त्या दिवशी घाईत मागच्या दारानं गेलो होतो, म्हणून बघितली नव्हती. मी विचारलं तेव्हा रेखा म्हणाली, तुमचा साखरपुड्याचा फोन आला ना मामी, त्याच संध्याकाळी बांधली. ड्रायव्हरांना सांगायच्या, "आमची मास्तरीण म्हणती ते खरं हाय. दोरीच्या अल्याड कुणी यायचं न्हाय."

आता मोकळीक झालीय, बाकी ढाब्यांवर लोक आत बसून जेवतात. इथं मात्र दोरी कुणी सोडली नाही. मी उभी होते तेवढ्यात एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, दोरीपाशी आला, तिला हात न लावता रस्त्याच्या बाजूलाच उभा राहिला आणि हळू आवाजात त्यानं दोन भाकरी मागितल्या.