पाप मोघम सांगू नये

ज्याने आयुष्यभर पेटीच्या सुरांमागे तोंड लपवले, त्याने साठीनंतर लेखणी हाती घ्यावी, हे धाडसच. त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. परंतु आमच्या शिमोन पाळकांविषयी कुणीच काही लिहिले नाही, आणि ते गेल्या उन्हाळ्यात गेले.

लोहाऱ्याच्या रस्त्यावरील आमच्या लहानशा चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकर आणि द्राक्षरस वाटण्यापूर्वी, मंडळी मनातल्या मनात पापकबुली देते. पाळकसाहेब मात्र वेदीवरून खाली उतरत, पहिल्या बाकाजवळ गुडघे टेकत आणि स्वतःचे पाप मोठ्याने सांगत. प्रवचन शुद्ध मराठीत, कबुली वऱ्हाडीत. "देवा, काल ऑटोवाल्यावर खेकसलो. गलती माहीच होती." बायका पदराआड हसत.

इतके बारीकसारीक कशाला, असे मी एकदा भीतभीत विचारले.

"मोघम सांगू नये, भाऊ. डॉक्टरले नुसतं 'दुखते' म्हटलं, त तो इचारतेच ना, कुठं दुखते?"

त्या पहिल्याच बाकावर मार्थाबाई बसत. त्यांचा एकही रविवार चुकला नाही. पण भाकरीचे ताट आले की न घेता पुढे सरकवीत. त्यांच्या भावाने स्वतःच्या हाताने जीवन संपवले होते. तेव्हा तरुण असलेल्या पाळकसाहेबांनी त्याला ख्रिस्ती कब्रस्तानात जागा नाकारली. कुंपणाबाहेर, बाभळीखाली त्याला माती दिली गेली. हे सर्वांना ठाऊक होते. बोलत कुणीच नसे.

निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या प्रभुभोजनाला पाळकसाहेबांनी गुडघे टेकले.

"मार्थाताई," ते म्हणाले, "तुह्या भावाले म्या जागा देली नाही. देवाचा नियम हाय, असं म्हटलं. देवाचं नाव खोटं घेतलं. मले मंडळीतल्या बड्या लोकायचा धाक होता. देवाजवळ हे रोज बोलतो. तुह्यासमोर बोलाची हिंमत नव्हती. तू माफ करच, असं म्हणत नाही."

माझी बोटे पेटीवर तशीच राहिली.

मार्थाबाई उभ्या राहिल्या. "हेच आयकाले येत होती मी दर रविवारी," त्या म्हणाल्या. मग जरा दमाने, "उठा आता, पाळकसाहेब. गुडघे धरतीन तुमचे."

आणि त्यांनी भाकरीसाठी ओंजळ पुढे केली. पाळकसाहेबांचे हात इतके कापत होते की तुकडा मोडेना. तेव्हा त्यांचा हात धरून मार्थाबाईंनीच तो मोडला. देव क्षमा करतो, हे मी बालपणापासून ऐकत आलो होतो. क्षमेला हातपाय असतात, ती बाकावरून उठून चालत येते, हे मात्र त्या दिवशी प्रथम पाहिले. त्यानंतरचे गीत मला वाजवता आले नाही. मंडळी पेटीविनाच गायली.

वाचकहो, त्या बाकावर तुम्ही असता, तर ओंजळ पुढे केली असती का?