सुतकाची भीती आणि माझं विमानाचं तिकीट

थोरल्याच्या मुंजीच्या फोटोत मी का नाही, असं तुम्ही दोघांनी विचारलंत तेव्हा मी प्रकृतीचं कारण सांगितलं होतं. ते खोटं होतं. खरं कारण तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ.

माझं डायालिसिस तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. सुरतेहून बंगळुरूचं तिकीट काढलेलं होतं. तिने परस्पर तुमच्या बाबांना फोन केला, "विमानात ताईंना काही झालं तर? सुतक येईल, मुंज राहील." कार्यालय ठरलेलं, पाहुणे बोलावलेले. तुमचे बाबा घाबरले आणि माझं तिकीट रद्द झालं. ती गेली. माझ्या खुर्चीत बसली आणि आजीची भिक्षाही तिनेच घातली. त्या वेळी मी मशीनला जोडलेली होते. चार तास छताकडे बघत मी एवढंच ठरवलं, की हिला हे परत करायचं.

यंदा धाकट्याची मुंज ठरली, तेव्हा मी आधी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "विमानात बसा, पण डायालिसिस चुकवू नका." त्यांचं पत्र घेतलं, ताजे रिपोर्ट घेतले, बंगळुरूच्या सेंटरमध्ये शनिवारची वेळ महिनाभर आधी पक्की केली. औषधं हातातल्या पिशवीत ठेवली. गुरुवारी इथलं डायालिसिस झालं, तेव्हा गुजराती सिस्टर म्हणाली, "बा, पाणी मोजून प्या, खारट खाऊ नका. आणि डाव्या हातावर ओझं नको, सुया टोचायचा फिस्टुला आहे त्यात."

शुक्रवारी विमानतळावर जाऊ हजर! एकच विमान. काउंटरवर मोठ्याने म्हणाली, "इनका डायालिसिस चलता है, पहले पूछ लो." मी फाईल पुढे केली. काउंटरवरच्या मुलीने डॉक्टरांचं पत्र वाचलं, कोणाला तरी फोन केला आणि विचारलं, "आंटी, व्हीलचेअर?"

चालता येत होतं मला. तरी हो म्हटलं. लांबलचक रांगेत उभ्या असलेल्या जावेसमोरून मी बसून पुढे गेले. हात हलवायलाही विसरले नाही.

विमानात तिने खारे शेंगदाणे पुढे केले. "घ्या ना ताई, एवढ्याने काय होतंय?"

"सुतक येईल," मी म्हटलं. तिने पुडी मिटून पर्समध्ये टाकली.

शनिवारी डायालिसिस झालं. रविवारी आईची भिक्षा घालून झाल्यावर गुरुजींनी आजीला बोलावलं. जाऊ सवयीने उठली. ताट तिच्याच हातात होतं.

"तुमचा हात दुखत असेल ताई, मी घालते."

"दुखतो तो डावा. भिक्षा उजव्याने घालतात. आण इकडे."

सगळ्यांदेखत ताट घेतलं. धाकट्या, तुझ्या झोळीत लाडू मीच टाकला.

भिक्षा घालतानाचा माझा फोटो मी मोठा करून इथे दिवाणखान्यात लावला आहे. जाऊ दर रविवारी येते. फोटोसमोरची खुर्ची मी तिच्यासाठी रिकामी ठेवते. ती दुसरीकडे बसायला गेली, तर म्हणते, "तिथे नको गं, इथे वारा चांगला लागतो."